आफ्रिका हे नाव आधी कुणाचं होतं?

भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारलंय: "आफ्रिका हे नाव ग्रीक आहे, 'अ' म्हणजे नाही आणि 'फ्रिके' म्हणजे थंडी, म्हणून जिथे थंडी नाही तो प्रदेश, असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले. परवा एका मुलाने विचारलं, मग ॲटलास पर्वतावर बर्फ कसा पडतो? हे नाव खरंच ग्रीक आहे का? आणि अख्ख्या खंडाला ते कधी मिळालं?"

मुलाने बरोबर जागी बोट ठेवलंय. पण बर्फ नसता तरी ही व्युत्पत्ती टिकली नसती. नाव ग्रीक नाही, लॅटिन आहे. आणि मुळात ते खंडाचं नव्हतंच. आजच्या ट्युनिशियात, कार्थेज शहराच्या आजूबाजूला राहणाऱ्या 'आफ्री' नावाच्या लोकांच्या मुलुखाचं ते नाव. खंडाला ते कधी मिळालं याचं एका सालात उत्तर देता येत नाही, कारण जुना अर्थ निघून गेला आणि त्याच्या जागी नवा येऊन बसला असं झालंच नाही. दोन-दोन, तीन-तीन अर्थ शेकडो वर्षं शेजारी शेजारी नांदले. मी पंचवीसेक वर्षं लॅटिन शिकवतोय, तरी मजकुरात हा शब्द आला की अजून आधी बघतो की बोलणारा कोण आहे आणि कुठे उभा आहे.

आधी ग्रीकांचं बघू. ग्रीक लोक भूमध्य समुद्राच्या दक्षिणेकडच्या सगळ्या भूभागाला 'लिबिया' म्हणत. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या जगाचे तीन भाग म्हणजे युरोप, आशिया आणि लिबिया. नाव ग्रीकांनी ठेवलेलं असतं तर ग्रीकांनीच ते वापरलं नसतं का? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमी ग्रीकमध्ये भूगोल लिहितो, तेव्हाही खंडाला तो लिबिया म्हणतो. 'आफ्रिके' हा शब्द त्याच्याकडे आहे, पण तो त्या लिबियातल्या एका रोमन प्रांतासाठी. म्हणजे ग्रीकांनी शब्द लॅटिनमधून घेतला, आणि तोही सरकारी नाव म्हणून. आपण 'कलेक्टर' घेतला तसा.

दुसरी एक व्युत्पत्ती लॅटिनमधलीच आहे: 'आप्रिका' म्हणजे उन्हातली, त्यावरून आफ्रिका. सातव्या शतकात सेव्हिलचा बिशप इसिदोर याने ती नोंदवली, आणि सोबत अब्राहामाच्या वंशातल्या 'आफेर' नावाच्या पुरुषाचीही गोष्ट दिली. ऐकायला छान आहे, पण स्वर जुळत नाहीत. 'आप्रिका'मधला 'इ' दीर्घ, 'आफ्रिका'मधला ऱ्हस्व. हे कशावरून कळतं? वृत्तावरून. एन्नियुस या जुन्या कवीची एक ओळ सिसेरोने जपून ठेवली आहे. ती 'आफ्रिका' या शब्दानेच सुरू होते आणि तिथे मात्रा पडतात गुरू-लघु-लघु. मधला 'रि' दीर्घ धरला तर ओळ पहिल्याच पावलाला लंगडते. (जाता जाता: आपण मराठीत 'आफ्रिका' लिहितो, पहिला आ दीर्घ आणि रि ऱ्हस्व. हिंदीतल्या 'अफ्रीका'पेक्षा आपलं लिहिणं लॅटिन उच्चाराच्या जास्त जवळ आहे. ठरवून कुणी केलं नसेल, पण आहे.)

मग 'आफ्री' या नावाचा अर्थ काय? बर्बर म्हणजे उत्तर आफ्रिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांत 'इफ्री' म्हणजे गुहा, म्हणून गुहेत राहणारे, असं काही अभ्यासक म्हणतात. काही जण कार्थेजच्या भाषेतला धूळ या अर्थाचा शब्द पुढे करतात. दोन्ही तर्क आहेत, आणि वर्गात तर्क म्हणूनच सांगावेत. लोक आधी आणि भूमीचं नाव नंतर, एवढं मात्र पक्कं.

या शब्दाची घडण आपल्याला परकी वाटू नये. आफ्री लोकांतला एक तो 'आफेर'. रोमचा प्रसिद्ध नाटककार तेरेन्स, त्याचं पूर्ण नाव पुब्लियुस तेरेन्तियुस आफेर. त्यापासून विशेषण 'आफ्रिकुस', आणि स्त्रीलिंगी 'आफ्रिका'. भूमीला लॅटिनमध्ये 'तेर्रा' म्हणतात आणि ती स्त्रीलिंगी, म्हणून 'आफ्रिका तेर्रा', आफ्री लोकांची भूमी. एन्नियुसच्या त्याच ओळीत पुढे 'तेर्रा' येतोसुद्धा. मग तेर्रा गळाली आणि विशेषणच नाम होऊन बसलं. पैठणीचं हेच तर झालंय. पैठणची ती पैठणी साडी. आज दुकानात कुणी 'पैठणी साडी दाखवा' म्हणत नाही, 'पैठणी दाखवा' म्हणतात, आणि ती येवल्यात विणलेली असली तरी पैठणीच.

नाम गळण्याची खोड या शब्दाला इतकी की त्यात आमचे विद्यार्थी दरवर्षी अडकतात. इसवी सनापूर्वी १६९ साली रोममध्ये झालेल्या खेळांचं वर्णन रोमन इतिहासकार लिव्हीने केलं आहे. त्यात एक वाक्य येतं: सर्कशीत ६३ 'आफ्रिकानाए' आणि ४० अस्वलं होती, शिवाय हत्ती. शब्द स्त्रीलिंगी, अनेकवचनी. एका मुलाने सरळ भाषांतर करून टाकलं, 'त्रेसष्ट आफ्रिकन बायका आणि चाळीस अस्वलं'. वर्ग पाच मिनिटं हसत होता. त्याचं व्याकरण अगदी बरोबर होतं, फक्त गळालेलं नाम 'बेस्तिआए' होतं, म्हणजे जनावरं. या 'आफ्रिकानाए' म्हणजे बिबट्यासारखी मोठी मांजरं. ती इटलीत आणायला रोमच्या सेनेटने एकदा बंदीही घातली होती. पुढे एका ट्रिब्यूनने, म्हणजे लोकांनी निवडलेल्या अधिकाऱ्याने, ठराव आणून खेळांपुरती ती उठवली. म्हणजे रोमच्या बाजारात 'आफ्रिकन' म्हटल्यावर माणूस डोळ्यांपुढे यायचा की बिबट्या, हे प्रसंगावर होतं.

आता प्रांताकडे. इसवी सनापूर्वी २०२ साली झामाच्या लढाईत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणाऱ्या रोमन सेनापती स्किपिओला 'आफ्रिकानुस' हा किताब मिळाला. इथे आफ्रिका म्हणजे कार्थेजचा मुलूख, बस. १४६ साली रोमने कार्थेज उद्ध्वस्त केलं आणि तिथे प्रांत केला, त्याचं नाव आफ्रिका. हा प्रांत म्हणजे ट्युनिशियाचा ईशान्येकडचा कोपरा. गंमत अशी की कार्थेजचे राज्यकर्ते स्वतः आफ्री नव्हते. त्यांना रोमन लोक 'पोएनी' म्हणत, आणि आफ्री म्हणजे त्यांच्या हाताखालची स्थानिक प्रजा. हॅनिबलच्या फौजेचं वर्णन करताना लिव्ही दोघांना वेगळं मोजतो. जिंकलेल्या मुलखाला मालकाचं नाव न देता कुळांचं नाव दिलं गेलं. माझ्या मते ते मुद्दामच, ज्या शहराचा दगडावर दगड ठेवला नाही त्याचं नाव कागदावर तरी कशाला ठेवायचं.

या प्रांताची हद्द एक चर होता. 'फोस्सा रेगिया', राजाचा खंदक. अलीकडे रोमचा मुलूख आणि पलीकडे, पश्चिमेला, नुमिदिया या राज्याच्या राजाचा. उत्तरेला आजच्या तबार्कापासून निघून तो दक्षिणेला स्फॅक्सजवळ समुद्राला मिळायचा. इसवी सनापूर्वी ४६ साली सीझरने थाप्सुसची लढाई जिंकली, नुमिदियाचं राज्य खालसा केलं आणि खंदकापलीकडे नवा प्रांत केला. त्याचं नाव 'आफ्रिका नोव्हा', नवी आफ्रिका. आपोआपच पहिली झाली 'आफ्रिका वेतुस', जुनी. ऑगस्टसच्या काळात दोन्ही एक झाले, तरी खंदक काही विसरला गेला नाही. सीझरच्या त्या लढाईनंतर जवळपास १२० वर्षांनी व्हेस्पासियन बादशहाच्या अधिकाऱ्यांनी ती हद्द पुन्हा आखून दगड रोवले. त्यातले काही सापडले आहेत. त्यांवर लिहिलंय: 'नव्या आणि जुन्या प्रांताच्या सीमा, जिथे राजाचा खंदक होता तिथून, नेमून दिल्या'. 'फुइत' हे क्रियापद वापरलंय, 'होता'. दगड रोवायच्या वेळी खंदक बुजत आला असावा, पण सातबारा त्यालाच धरून चालला होता. जमिनीचे कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना हे नवं वाटणार नाही.

या नव्या आफ्रिकेचा पहिला सुभेदार साल्लुस्त. तिथे त्याने इतका पैसा खाल्ला की परतल्यावर त्याच्यावर खंडणीचा आरोप झाला. मग तो राजकारणातून बाहेर पडला आणि इतिहास लिहायला बसला. नुमिदियाचा राजा जुगुर्था याच्याशी झालेल्या युद्धाच्या इतिहासात तो म्हणतो की पृथ्वीच्या वाटणीत बहुतेक जण आफ्रिकेला तिसरा भाग धरतात, थोडे जण आशिया आणि युरोप असे दोनच भाग मानून आफ्रिका युरोपात घालतात. बाईंना हवा असलेला खंडाचा अर्थ इथे स्वच्छ दिसतो. म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, ज्या माणसाच्या अधिकारपत्रावर आफ्रिका म्हणजे ट्युनिशिया-अल्जीरियातला एक सुभा होता, तोच माणूस घरी लिहायला बसल्यावर आफ्रिका म्हणजे जगाचा तिसरा हिस्सा म्हणतो. दोन अर्थ, एक माणूस, काही वर्षांचं अंतर. त्याच्या खंडाची पूर्व सीमा मात्र आजच्या इजिप्त-लिबिया सरहद्दीजवळच्या एका उतारावर संपते. इजिप्त त्याच्या लेखी आशियात. पिरॅमिड आफ्रिकेत आहेत हे साल्लुस्तला सांगितलं असतं तर त्याने मान हलवली असती.

ही बदली होताना रंगेहाथ पकडायची असेल तर एक म्हण बघावी. 'आफ्रिकेतून नेहमी काहीतरी नवीन निघतं' असं लॅटिनमध्ये म्हणतात, आणि ती म्हण पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी याच्या नावावर खपते. प्लिनी स्वतः प्रामाणिकपणे सांगतो की ही ग्रीकांची म्हण आहे. ॲरिस्टॉटलने ती दिली आहे, कारणासकट: पाणी कमी, म्हणून निरनिराळी जनावरं एकाच पाणवठ्यावर येतात, त्यांचे संकर होतात आणि नवे प्राणी जन्मतात. (जीवशास्त्र सोडून द्या.) पण ॲरिस्टॉटलच्या म्हणीत आफ्रिका नाही, 'लिबिया' आहे. प्लिनीने भाषांतर करताना देशाचं नावसुद्धा भाषांतरित केलं. असं हजार ठिकाणी झालं असणार, आणि लिबिया हळूहळू मागे सरत सरत एका कोपऱ्यात जाऊन बसली.

रोमच्या सामान्य माणसाला या खंडबिंडाशी देणंघेणं नव्हतं. त्याच्यासाठी आफ्रिका म्हणजे गहू. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफुस लिहितो की रोमचं पोट वर्षातले आठ महिने आफ्रिका भरते आणि चार महिने इजिप्त. हेड्रियन बादशहाचं एक चांदीचं नाणं आहे, त्याचा फोटो मी वर्गात नेहमी दाखवतो. आपल्या रुपयाहून लहान, जेमतेम १८ मिलिमीटरचं. मागच्या बाजूला एक बाई टेकून बसलीय, डोक्यावर हत्तीचं कातडं, सोंड पुढे वळलेली. एका हातात विंचू, दुसऱ्या हातात फळांनी भरलेलं शिंग, पायाशी धान्याची टोपली. वर सहा अक्षरांत 'आफ्रिका'. (मराठीत तीन, रोमन लिपीत सहा.) विंचू आणि फळांचं शिंग एकाच बाईच्या हातात देणारा तो कारागीर मला फार आवडतो.

चौथ्या शतकाच्या उंबरठ्यावर डायोक्लेशियनने प्रांतांचे तुकडे केले. आफ्रिकेतून बिझाकेना आणि त्रिपोलितानिया वेगळे निघाले आणि उरलेल्या उत्तरेकडच्या तुकड्याकडे जुनं नाव राहिलं. त्याच सुमारास अनेक प्रांत मिळून एक मोठा विभाग केला, त्याचंही नाव आफ्रिका. म्हणजे प्रांत आफ्रिका, विभाग आफ्रिका, खंड आफ्रिका. हे घोटाळ्याचं वाटत असेल तर पुणे घ्या. पुणे शहर, पुणे जिल्हा आणि पुणे महसूल विभाग. कोल्हापूर पुणे विभागात येतं, पण म्हणून एखाद्या कोल्हापूरकराला पुणेकर म्हणून बघा.

व्हॅन्डल आले, बायझंटाइन आले, त्यांनी नाव चालू ठेवलं. ६९८ साली कार्थेज अरबांच्या हाती गेलं. त्यांनीही ते चालवलं, 'इफ्रिकिया' असं. ही इफ्रिकिया म्हणजे ट्युनिशिया आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा थोडा मुलूख, कैरवान हे तिचं मोठं शहर. तिच्या पश्चिमेला मग्रेब. अरबी ग्रंथांत शेकडो वर्षं हा रोमन प्रांताचाच अर्थ जिवंत राहिला, आणि तिकडे युरोपातल्या लॅटिन पोथ्यांत मठातले साधू तीन खंडांचे गोल नकाशे काढून आफ्रिकेला खंड म्हणत होते. एकाच समुद्राचे दोन काठ, एकच शब्द, आणि माप वेगळं.

आणि मग १५५० साल. त्या वर्षी व्हेनिसमध्ये हसन अल-वझ्झानचा 'आफ्रिकेचं वर्णन' हा ग्रंथ छापला गेला. ग्रानादात जन्मलेला हा मुसलमान प्रवासी चाच्यांच्या हाती लागून रोमला पोचला, तिथे पोप दहाव्या लिओने त्याला बाप्तिस्मा दिला, आणि जग त्याला लिओ आफ्रिकानुस म्हणू लागलं. त्याच्या पुस्तकात मोरोक्कोपासून इजिप्तपर्यंत आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत सगळं आहे. त्याच वर्षी स्पेनच्या आरमाराने ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरचं महदिया बंदर घेतलं. त्या काळी युरोपातले लोक या बंदराला काय म्हणत? 'आफ्रिका शहर'. नाव ग्रंथात खंडाएवढं पसरलेलं आणि त्याच साली युद्धाच्या बातम्यांत एका तटबंदीत मावलेलं.

आपल्या किनाऱ्याशी या नावाचा संबंध पोर्तुगिजांमार्फत येतो. त्यांच्या राजाचा लांबलचक किताब मानुएल राजाच्या काळापासून असा: पोर्तुगालचा आणि समुद्राच्या अलीकडच्या व पलीकडच्या, आफ्रिकेतल्या, आल्गार्व्हचा राजा, गिनीचा धनी, आणि इथिओपिया, अरबस्तान, इराण व हिंदुस्थान इथल्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा धनी. गोव्याचा कारभार याच राजाच्या नावाने चाले. नीट वाचलं तर यात आफ्रिका वेगळी, गिनी वेगळी, इथिओपिया वेगळी. 'आफ्रिका' म्हणजे फक्त मोरोक्कोतली ठाणी. पोर्तुगालचा राजा पाचवा आफोन्सो याला 'आफ्रिकन' म्हणतात ते याच ठाण्यांसाठी. मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्यातून चालला, आणि त्या किनाऱ्यावर १६०९ साली छापलेल्या पुस्तकाचं नाव 'पूर्व इथिओपिया' असं आहे. म्हणून जुन्या पोर्तुगीज कागदात 'आफ्रिका' दिसली की लगेच खंड समजू नये.

मराठीला तर हा शब्द बराच काळ लागलाच नाही. आपण माणसं ओळखत होतो, ती हबशी किंवा शिद्दी म्हणून. मलिक अंबर हबशी, जंजिऱ्याचा शिद्दी. 'हबशी' म्हणजे 'हबश' देशचा, तो आजचा इथिओपिया. आणि जंजिऱ्याच्या शिद्दीच्या मुलखाला आपण म्हणायचो 'हबसाण'. आफ्रींची ती आफ्रिका तसं हबशांचं ते हबसाण: माणसांवरून भूमीला नाव द्यायची तीच रीत, आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर. फरक एवढाच की हबसाण वाढलं नाही, गॅझेटियरमध्ये राहिलं.

आज ट्युनिसमध्ये बोलीत 'आफ्रिकन' म्हटलं की बहुतेक वेळा सहाराच्या दक्षिणेकडून आलेला माणूस असा अर्थ घेतात. ज्यांच्या अंगणातून शब्द गेला त्यांनाच तो आता पाहुण्याचा वाटतो. तरी १९२० मध्ये स्थापन झालेला तिथला नावाजलेला फुटबॉल क्लब अजून 'क्लब आफ्रिकँ' म्हणूनच खेळतो.

बाई, वर्गात जुना अर्थ हातात घेऊन दाखवायचा असेल तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारातून झेंडू न्या. उंच झाडाचा, मोठ्या गोंड्याचा, तो 'आफ्रिकन झेंडू'. ठेंगणा, लाल-पिवळा, तो 'फ्रेंच'. बियाण्याच्या पाकिटावर हेच छापलेलं असतं. मुलं विचारतील, आफ्रिकेतून आला का? नाही. दोन्ही मूळचे मेक्सिकोचे, स्पॅनिश लोकांनी उचलून आणलेले. मग आफ्रिकन कसा? १५३५ साली स्पेनचा राजा आणि बादशहा पाचवा चार्ल्स याने ट्युनिस जिंकलं, आणि हे फूल त्याच्या सैन्याने तिथून आणलं अशी युरोपात समजूत होती. सोळाव्या शतकातल्या वनस्पतिग्रंथांत ते 'फ्लोस आफ्रिकानुस' म्हणून येतं. समजूत चुकीची होती, पण त्या विशेषणातली आफ्रिका खंड नव्हे, ट्युनिसच. म्हणजे खंदकाच्या अलीकडची, आफ्री लोकांची. आपण ती दरवर्षी दाराला बांधतो.